बुधवार बंद

४ फेब्रुवारी, बुधवार

चॅपलच्या बाकांना मेण लावायचं काम दर शनिवारी आम्हा दोघींकडे असायचं. नववीत होतो. डावीकडच्या रांगा माझ्या, उजवीकडच्या टकटकच्या. मेणाचा डबा मध्ये, फडकी जुन्या युनिफॉर्मची. मी नुसती घासायची. ती मात्र दोन लांब हात, एक आखूड आणि मग फडकं बाकावर फट्‌! दोन लांब, एक आखूड, फट्‌! पाचव्या बाकाशी येईपर्यंत माझाही हात तिच्याच तालात चालायला लागायचा, आणि मला ते कळायचंसुद्धा नाही. सिस्टर दारातून म्हणायच्या, "मुलींनो, हे देवाचं घर आहे, धोबीघाट नव्हे." टकटक मान खाली घालायची. सिस्टर वळल्या की पुन्हा — हळू आवाजात.

सकाळपासून तेच आठवतंय. कारण आज चिमणीच्या दुकानात पत्र आलं. राष्ट्रीय संगीत पुरस्कार, उत्कृष्ट रॉक अल्बम. शेवटच्या पाचांत आमचा अल्बम आहे!

आमचा. साठी उलटलेल्या तीन बायकांचा. माझी पायपेटी, चिमणीचं गिटार आणि गळा, टकटकचे ड्रम्स.

हे एकदा नीट लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर पुढे मलाच पटायचं नाही. विशीत आम्ही एक वर्ष तिघी मिळून वाजवत होतो. तीन कार्यक्रम झाले, तिसऱ्यात वीज गेली. मग टकटक कॉन्व्हेंटात गेली — शिकायला नव्हे, कायमची. सिस्टर झाली. चिमणीने वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान हातात घेतलं. मी लग्न केलं आणि तेहतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवल्या. ड्रमसेट चिमणीच्या माळ्यावर चादरीखाली पडून राहिला.

दोन वर्षांपूर्वी टकटकची बदली होऊन ती आपल्या गावात परत आली. कॉन्व्हेंटच्या शिवणवर्गाचं मशीन बिघडलं म्हणून पिशवीत घालून चिमणीच्या दुकानात घेऊन आली. बुधवार होता, दुकानाची सुट्टी. चिमणी आत हिशेब न लागणाऱ्या स्क्रूंशी खेळत बसलेली. शटर अर्धं वर करून बघते तर पांढरा झगा! "माळ्यावर आहे का गं अजून ते?" एवढंच विचारलं टकटकने.

तेव्हापासून दर बुधवारी एक मशीन बिघडतं. शिवणवर्गात अकरा मशीनं आहेत. जगात कुठल्या मशीनांची इतकी निगा राखली गेली नसेल. मशीन टेबलावर ठेवायचं, तेल घालायचं, शटर खाली ओढायचं, आणि मग दीड तास आम्ही जे काही करतो त्याला रॉक म्हणतात असं आता सरकारी कागदावर आलंय.

बँडचं नाव शटरवरच लिहिलेलं होतं : बुधवार बंद. अल्बमचं नाव आतल्या पाटीवर : दुरुस्ती चालू आहे.

टकटकने आज पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून चिमणीला परत दिलं. "अभिनंदन," म्हणाली, जसं काही पुरस्कार शेजारच्यांना मिळतोय! मग स्टुलावर बसली आणि पहिलं गाणं इतक्या जोरात सुरू केलं की कपाटातल्या बॉबिनी नाचायला लागल्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन. "आई, रॉक? नक्की रॉकच ना? नाव चुकून त्या यादीत गेलं नाही ना?"

नाही. चुकून गेलेलं नाही. मीच फॉर्म भरला होता, कॉन्व्हेंटच्या गोल अक्षरात.

९ फेब्रुवारी, सोमवार

समितीचं दुसरं पत्र.

एका परीक्षकाचा आक्षेप आहे. अल्बममधले ड्रम्स माणसाने वाजवलेले वाटत नाहीत. 'इतका नेमका ताल यंत्राचाच असू शकतो.' पुरावा म्हणून तिसरं गाणं : दोन मिनिटं चौदा सेकंदांवर ड्रम्स अचानक पूर्ण थांबतात आणि चार ठोक्यांची जागा सोडून जसेच्या तसे सुरू होतात. 'असे यंत्रच करू शकते.' शिवाय वादकाचं नाव नाही. ड्रम्सपुढे आम्ही छापलंय : आमची मैत्रीण. तेव्हा ६ मार्चच्या आत या मैत्रिणीने समितीच्या ऑफिसात यावं, ओळखपत्र दाखवावं, पूर्ण नावानिशी सही करावी. नाहीतर अल्बम यादीतून बाद.

मशीन म्हणे! टकटक मशीन!

तिचं नाव का छापलं नाही, ते मला लिहायलाही अवघड जातं. तिने कोणाची परवानगी घेतलेली नाही. खोटंही बोललेली नाही. 'दुरुस्तीच्या दुकानात जाते' म्हणते, आणि जाते. पण नाव छापलं असतं तर पहिल्याच दिवशी मदर सुपीरियरच्या टेबलावर पोचलं असतं.

आणि तिसऱ्या गाण्यात ती का थांबते, ते आम्हा तिघींनाच माहीत आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज दोघींना सांगितलं. टकटक आधी हसली. मग हसू थांबलं. "मशीन?" पिशवीतून काढलेल्या पाच नंबरच्या मशीनकडे तिने एकदा बघितलं. ते बघणं मला लागलं.

चिमणी लगेच कामाला लागली. "सोपं आहे. रेकॉर्डिस्टचा मेहुणा लग्नात ड्रम वाजवतो. तो सही करील. पाच मिनिटांचं काम."

"त्याने वाजवलेत का?" मी म्हटलं.

"अगं, कोण बघायला गेलंय!"

"आपण होतो ना तिथे."

"हे बघ, तू चष्मे विकलेस जन्मभर. लोक तुझ्यासमोर खुर्चीत बसायचे, मान वर करायचे. मी खाली वाकून मशीनच्या पोटात हात घातले. 'ए मशीनवाली' ऐकलं. विसाव्या वर्षी स्पर्धेतला तो परीक्षक काय म्हणाला होता आठवतंय? 'गळा चांगला आहे, घरी गा.' घरी गा! आता पहिल्यांदा कोणी म्हणतंय की बाहेर येऊन गा, आणि तुला तुझी ती शाळेतली नीतिकथा सुचतेय."

"टकटकने वाजवलेलं मेहुण्याच्या नावावर घालायचं?"

"तिला नाव नकोच आहे ना! विचार तिला!"

पण विचारलं कोणीच नाही. आम्ही दोघी तिच्या डोक्यावरून भांडत राहिलो. ती काठीने गुडघ्यावर हळूहळू ताल धरून बसली होती. मग घड्याळ बघून उठली. पाच नंबर पिशवीत घातलं. "तेल जास्त झालंय," चिमणीला म्हणाली, "कपड्यावर डाग पडतील." आणि गेली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चिमणीचा फोन नाही. मीही करणार नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांनी आज जाहीर केलं की ते ड्रमवादक व्हायला तयार आहेत. "नाव माझं घाल. नवरा-बायको एकाच बँडमध्ये, बातमी पण चांगली होईल." मग टेबलावर दोन चमचे घेऊन प्रात्यक्षिक. दुधाचं भांडं उपडं झालं, चमचा फ्रीजखाली गेला. गुडघे टेकून चमचा काढता काढता म्हणाले, "एक सांगू? हे मशीनला जमतं हे ऐकून मला मशीनचं कौतुक वाटायला लागलंय."

हसले मी. पण त्याच क्षणी एक गोष्ट डोक्यात आली. मशीन चुकत नाही. टकटक चुकते! किती चुकते ते ह्या जगात माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

१६ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस कानाला हेडफोन लावून बसले होते. यादी पूर्ण झाली. एक्केचाळीस चुका.

शाळेत दर शुक्रवारी शेवटच्या तासाला आम्हाला छोटी निळी वही काढावी लागायची. त्यात आठवड्याभरातल्या आपल्या चुका लिहायच्या. क्रमांक, दिवस, चूक, कारण. कारण लिहिलं नाही तर वही परत. टकटक आणि मी आधी एकमेकींच्या लिहायचो, मग आपापल्या. दुसऱ्याच्या चुका शोधायला फार मजा येते, आणि त्या तिला प्रेमानेच दाखवायच्या असतील तर डोळे आणखी तीक्ष्ण होतात.

तशीच यादी केली. पहिलं गाणं, चाळीस सेकंद : उजवा हात किंचित आधी. कारण, उत्साह. पहिलं गाणं, तीन मिनिटं : झांजेवर काठी निसटली. कारण, घाम. चौथं गाणं : शेवटच्या कडव्यात हळूहळू वेग वाढला आहे. कारण, चिमणी घाई करते आणि टकटक तिला सांभाळून घेते. सातवं गाणं : पायाचा एक ठोका कमी. कारण, बुटाचा तळ सुटला होता.

बारीक, केसाएवढ्या चुका. पण चुका! ऐकता ऐकता मला रडू आलं. हे सगळं वाजवणारीला यंत्र म्हणतात!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

समितीच्या ऑफिसात जाऊन आले. चौथा मजला, लिफ्ट बंद. पुठ्ठ्याच्या खोक्यांमधून वाट काढत गेले. गेल्या वर्षीच्या ट्रॉफ्यांपैकी दोन अजून तिथेच धूळ खात उभ्या आहेत, कोणी न्यायलाच आलेलं नाही.

सचिव म्हणून जे गृहस्थ होते त्यांचा चष्मा एका बाजूला कलला होता. यादी वाचताना तो सारखा नाकावरून खाली. मला बघवेना. "द्या इकडे," म्हटलं, आणि पर्समधल्या छोट्या पेचकसाने त्यांच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू घट्ट करून दिला. तोवर ते कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होते.

"बाई, इथे तक्रारी घेऊन पुष्कळ येतात. स्वतःच्याच अल्बमच्या चुका घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्या."

"मशीन या चुका करील का?"

"नाही करणार." चष्मा लावून पुन्हा वाचू लागले. "कारणं तर मुळीच देणार नाही."

"मग झालं तर!"

"माझं समाधान झालं हो. पण नियम मी केलेला नाही. सही लागेल. नाव लागेल. यादी मात्र मी परीक्षकांना पाठवतो, सातही जणांना."

पाठवा, म्हटलं. खुशाल पाठवा. जिना उतरताना मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटत होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मी मूर्ख आहे. एकसष्ट वर्षांची, शिकलेली, गोल अक्षरांची मूर्ख.

दुपारी फोन आला. परीक्षकांपैकी एक बाई. आवाज गोड. "तुमची यादी वाचली. फार आवडली. मीही कॉन्व्हेंटची, मलाही ती निळी वही होती! पण तेविसावी चूक वाचून मी जरा थबकले."

मला आठवेना तेविसावी कोणती.

त्यांनी वाचून दाखवली. "तिसरं गाणं, दोन मिनिटं चौदा सेकंद. समोरच्या शाळेची घंटा वाजली, हात थांबले. कारण, सवय."

मी पर्समधून यादीची प्रत काढली.

"शाळेची सवय शाळेबरोबर सुटते हो," त्या म्हणाल्या. "मी तर आता घंटा वाजली तरी ढिम्म हलत नाही. घंटा ऐकली की हातातलं काम तिथल्या तिथे सोडायचं, लिहिता लिहिता अक्षरसुद्धा अर्धं सोडायचं — हे या वयात ज्यांच्या हातात आहे, त्या... अजून कॉन्व्हेंटच्या आतच आहेत ना?"

मी फोन ठेवला. ठेवला नाही, हातातून सुटला.

तो दिवस मला लख्ख आठवतो. शाळेची मधल्या सुट्टीची घंटा शटरमधून आत आली आणि टकटकच्या काठ्या हवेतच थांबल्या. चिमणीने सूर तसाच धरून ठेवला, मी पायपेटीचा भाता मारत राहिले. मग टकटक एकदम शुद्धीवर आल्यासारखी परत शिरली. गाणं संपल्यावर म्हणाली, "पुन्हा घेऊ या, चुकले." चिमणी म्हणाली, "हात लावशील तर बघ! एवढं चांगलं या गाण्यात दुसरं काही नाही." आणि ते तसंच ठेवलं.

तिचं नाव लपवायला एवढा आटापिटा. आणि मी सातजणांना सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं की ती कोण आहे. का? तर कारण लिहायची सवय!

२२ फेब्रुवारी, रविवार

पेपरात आलं. चार ओळी, आतल्या पानावर. 'रॉक बँडमागे सिस्टर?' प्रश्नचिन्ह घातलंय, मोठे उपकार.

ह्यांनी पेपरचं ते पान काढून घेतलं आणि त्याच्यावर बूट पॉलिश केले. चहा करून आणला. साखर विसरले, मी तसाच प्यायले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मदरने बोलावलं.

पंचेचाळीस वर्षांनी त्या लांब व्हरांड्यातून चालले. पाय आपोआप भिंतीच्या कडेने चालायला लागले, मधून चालायची परवानगी नसायची ना. मग मुद्दाम मधून चालले. खट खट वाजवत!

मदर आमच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. पायात खेळाडूंचे बूट. टेबलावर पेपर, तेच पान.

"बसा. मला अकरापर्यंत मोजता येतं," त्या म्हणाल्या. "अकरा मशीनं. दोन वर्षं. शिवणवर्गात मुली चार."

मी म्हटलं, "मग तुम्ही कधी विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं. मग मला काहीतरी करावं लागलं असतं. दर बुधवारी ती परत येते तेव्हा व्हरांड्यातून कशी चालते ते मी बघते. म्हणून नाही विचारलं." मग पेपर बाजूला सारला. "प्रश्नचिन्हावर मी अजून गप्प बसू शकते. पण तिची सही झाली, नाव आलं, की मला वर कळवावं लागेल. कळवलं की बदली. कुठे, ते मीही ठरवत नाही."

"आणि सही नाही झाली तर जग म्हणणार, मशीन वाजवत होतं."

"म्हणू दे. आपलं काम आपल्या नावाशिवाय जगात राहणं, याला आम्ही नम्रता म्हणतो."

"आम्ही याला चोरी म्हणतो, मदर."

हे माझ्या तोंडून निघालं! त्याच खोलीत, जिथे मी बाराव्या वर्षी शाई सांडली म्हणून रडले होते. मदरने पेपरची घडी घातली. मग म्हणाल्या, "तिच्यासाठी इतकं भांडणारं माझ्याकडे आत कोणी नाही. पण निवड तुम्हाला करावी लागेल. पुरस्कार, की बुधवार."

येताना पुन्हा व्हरांड्याच्या मधूनच आले. पण पाय वाजले नाहीत.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मी दुकानात लवकर गेले. चौदा दिवसांनी चिमणीचं तोंड बघितलं. मागच्या बुधवारी डोकं दुखतंय म्हणून मी गेलेच नव्हते. घंटेची गोष्ट, पेपर, मदर, सगळं सांगितलं. वाटलं, आता ही मला फाडून खाणार.

ती एका मशीनचा पट्टा चढवत होती. चढवून झाला. चाक फिरवून बघितलं. हात चिंधीला पुसले.

"मग काय!" म्हणाली. "गेला उडत तो पुरस्कार."

"चिमणे, तुला तो किती —"

"हवाच होता. अजून हवाय. रोज भाषण करते आरशासमोर, 'त्या परीक्षकाला सांगा, मी घरीच गायले, दुकानात गायले, आणि तरी ऐकू गेलं.' पाठ झालंय. पण ती बदलून गेली तर मी बुधवारी काय करू? दुकान उघडू?"

असं म्हणाली आणि खोकल्याचं निमित्त करून आत गेली. बाहेर आली तेव्हा वही-पेन घेऊनच. पत्र तिनेच लिहिलं. मी फक्त एक शब्द बदलला. तिने 'गाढव' लिहिलं होतं.

'महोदय, आमच्या अल्बममधले ड्रम्स माणसाने वाजवले आहेत. माणूस कोण, ते सांगणार नाही. तुमच्या परीक्षकांना माणूस आणि मशीन यांतला फरक कळत नसेल तर त्यांनी आमच्या दुकानात यावे, मशीन कशाला म्हणतात ते उघडून दाखवू. मात्र बुधवार सोडून यावे. अल्बम मागे घेत आहोत. तो रॉकच आहे.'

खाली आम्हा दोघींच्या सह्या.

मग टकटक आली, नऊ नंबर घेऊन. आम्ही तिला सांगितलं. म्हणजे चिमणीने सांगितलं, मोठ्या आवाजात, जसं काही आम्ही लढाई जिंकलोय. "तू आता काही काळजी करायची नाहीस. आम्ही ठरवलंय." मी तिचे हात हातात घेतले. बोटांना नेहमीसारखे घट्टे. वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

ती म्हणाली, "बरं."

पत्र उघडून वाचलं. खालच्या सह्यांवरून बोट फिरवलं. "बरं," पुन्हा एकदा म्हणाली. "नऊ नंबर टाका गाळतंय. या वेळी खरंच गाळतंय."

मग आम्ही आठही गाणी वाजवली. एकामागून एक, मध्ये पाणीसुद्धा न पिता. चिमणी तर अशी गायली की समोरच्या शाळेच्या शिपायाने शटरवर थाप मारली. "मी दुरुस्त नाही व्हायची, तुझं मशीन तू बघ" — ही ओळ तिने चारदा घेतली, दर वेळी आणखी वर. घंटा पण वाजली. या वेळी टकटक थांबली नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र टाकलं. पेटीत हात कोपरापर्यंत घालून खात्री केली. आता परत काढता येणार नाही. बरंच झालं!

१ मार्च, रविवार

ह्यांनी विचारलं, "पुढचा अल्बम कधी?" म्हटलं, टकटकला विचारून सांगते. ते म्हणाले, "हा अल्बम मागे घेताना विचारलं होतंत का?"

आगाऊ माणूस.

४ मार्च, बुधवार

सकाळी सचिवांचा फोन. "पत्र मिळालं. पण अर्ज मागे घ्यायला तिन्ही वादकांच्या सह्या लागतात, तुमच्या दोनच आहेत. आणि तिसऱ्या बाई तर सोमवारी स्वतःच येऊन गेल्या. ओळखपत्र दाखवलं, पूर्ण नाव लिहिलं. आक्षेप घेणारे परीक्षकही बसले होते. त्यांच्या टेबलावर दोन पेन्सिलींनी वाजवून दाखवलं हो! सगळं ऑफिस काम टाकून उभं होतं." अल्बम यादीत आहे. निकाल चौदा तारखेला. आता मला त्याचं काही नाही. खोटं, आहे!

दुकानात टकटक आली नाही. कॉन्व्हेंटचा ड्रायव्हर आला, हातात चिठ्ठी. चिमणीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, मग मला दिली. जशी आहे तशी इथे उतरवून ठेवते.

'मदरना आधी सांगून सही केली. उद्या सकाळची गाडी आहे. कुठे ते पोचल्यावर लिहीन.

तुम्ही दोघींनी माझ्यासाठी सोडून दिलंत. पण मला कोणी विचारलंच नाही. विसाव्या वर्षानंतर मी पुष्कळ काही सोडलं, ते दर वेळी माझं मी ठरवून. हेही मीच ठरवणार होते. मी मशीन नाही, हे त्यांना सांगितलं. तुम्हालाही सांगते. रागावले नाहीये. थोडी रागावले आहे.

आता नीट वाचा. ट्रॉफी आली तर चिमणीला. दुकानाच्या काचेत ठेवायची, तोंड रस्त्याकडे. स्टूल तुझ्या ह्यांना, कमरेला बरं पडेल. चमचे मात्र त्यांच्या हाती देऊ नकोस. माझे काळे बूट तुला, माप एकच आहे, उजव्याचा तळ मी शिवून घेतलाय. माझी भाषणाची वेळ असेल तर तीही चिमणीला, तिचं मोठं आहे.

ड्रम्स आणि काठ्या आमच्या स्वयंपाकघरातल्या बाईंना. त्यांनी अजून कधी वाजवलेले नाहीत. पण सकाळी मोठ्या पातेल्यांवर झाकणं ठेवतात ते मी दोन वर्षं ऐकतेय. त्यांना मी विचारलं. हो म्हणाल्या. पुढच्या बुधवारी येतील. लाजतील, बसवून घ्या. आणि पुढच्या अल्बमवर त्यांचं नाव छापा. पूर्ण.'